ओडेसाचं समुद्रफूल

लग्नानंतर ओडेसाचं सामान डेटनहून टोलेडोला आलं ते ट्रकमधून. पण तिचं समुद्रफूल आलं ते तिच्या मांडीवरच्या बादलीतून. अडीच तासांचा रस्ता. तिचा नवा नवरा अलोन्झो ट्रेडवेल गाडी चालवत होता आणि ओडेसा दर दहा मिनिटांनी झाकण उचलून आत डोकावत होती.

"जिवंत आहे ना?" अलोन्झो विचारी.

"ते आहे. तू असाच ब्रेक मारत राहिलास तर माझं काही सांगता येत नाही."

तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की तिचा उजवा पाय आपोआप गाडीची जमीन दाबत राही.

तो एकाहत्तरचा, ती अडुसष्टची. त्याची बायको लुवेनिया पाच वर्षांपूर्वी गेलेली, हिचा नवरा त्याच्याही आधी. ओळख झाली ती खाऱ्या पाण्याचे टँक पाळणाऱ्यांच्या एका मेळाव्यात, प्रवाळांच्या टेबलाशी. दोघंही एकाच तुकड्यावर वाकले आणि कपाळाला कपाळ आपटलं. "कवळी सांभाळा," ती म्हणाली. "माझे दात माझेच आहेत, बाई, पण इथल्या निम्म्या लोकांचे मी केलेत," तो म्हणाला. खरंच होतं ते. अलोन्झोने हयातभर कवळ्या बनवल्या होत्या, आणि ज्या चर्चचा तो डीकन, म्हणजे मानाचा सेवेकरी होता, तिथे रविवारी जे 'आमेन' घुमत, त्यातले कितीतरी त्याच्याच हातच्या दातांमधून बाहेर पडत.

घरी दिवाणखान्यात, भिंतीएवढ्या लांब काचेच्या टाकीत, लुवेनियाचं प्रवाळ होतं. तिने ते आणलं तेव्हा त्याला दोन तोंडं होती. आता चाळीसच्या घरात. एकेक तोंड म्हणजे दगडी देठाच्या टोकाला हिरव्या मऊ बोटांचा झुपका, आणि प्रत्येक बोटाचं टोक इवल्या हातोडीसारखं. दुपारी टाकीवरचे दिवे पूर्ण लागले, की सगळा झुपका पाण्याबरोबर एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुले आणि अलोन्झो समोरच्या खुर्चीत बसून राही.

टँक पाळणाऱ्या या लोकांत एक रीत आहे. ज्याच्याकडे असं प्रवाळ वाढतं, त्याने त्याच्या फांद्या कापून इतरांना द्यायच्या. त्यात मैत्री आहे तसा शहाणपणाही आहे: आपल्या घरी वीज गेली, पाणी बिघडलं, सगळं मेलं, तरी गावात कुणाकडे तरी त्याचंच पिल्लू वाढत असतं. लुवेनिया वाटायची. ती गेल्यापासून अलोन्झोने त्याला करवत लावली नव्हती. टँकवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष थर्मन ओग्लस्बी, धंद्याने न्हावी, दर महिन्याला केस कापता कापता विचारायचा, "डीकन, एक फांदी? एकच? तुमच्या डोक्यावर आता कापायला काही राहिलं नाही, निदान तिकडे तरी कापू द्या." अलोन्झो आरशात बघून म्हणायचा, "मानेवरचे नीट काप."

तर या टाकीत ओडेसाचं समुद्रफूल उतरलं. नावाने फूल, पण आहे तो प्राणी. गुलाबी, ताटाएवढं, बोटांची टोकं फुग्यासारखी फुगलेली, आणि त्यात दिवसभर लोळणारी नारंगी जोकर माशांची जोडी. अकरा वर्षं तिच्याकडे होतं. डेटनचं घर तिने विकलं, सोफा मुलीला दिला, नवऱ्याचे कोट चर्चला दिले. श्वास घेणारं असं तिने बरोबर आणलं ते एवढंच.

प्रवाळ ठेवलं तिथेच राहतं, त्याला पाय नाहीत. समुद्रफुलाला एक पाय असतो. जागा पटली नाही की ते गोगलगायीच्या चालीने निघतं, आणि वाटेत जे लागेल त्याला त्याची बोटं डंख मारतात. म्हणून ओडेसाने पहिल्याच दिवशी पाणी फिरवणाऱ्या पंपांना स्पंजच्या टोप्या घातल्या, नाहीतर पंपात ओढलं जाऊन त्याची चटणी व्हायची. आणि अलोन्झोने त्याच्यासाठी अगदी डावा कोपरा निवडला, प्रवाळापासून हातभर लांब.

तीन आठवडे ते तिथे बसलं. मग निघालं.

"सीट आवडली नाही त्याला," ओडेसा म्हणाली. "माझ्या बसमध्ये अशी पोरं असायची. खिडकी मिळेपर्यंत फिरत राहायची."

"खिडकी कुठे हवीये त्याला?"

दोघांनाही दिसत होतं. दिवे सगळ्यात जोरदार होते मधोमध, पाणीही तिथेच बेताचं वाहायचं. आणि मधोमध लुवेनियाचं प्रवाळ होतं.

दहा दिवसांत ते पोचलं. मंगळवारी दुपारी अलोन्झोने पाहिलं, तर डाव्या अंगाची तीन तोंडं आत ओढली गेली होती. बुधवारी त्यांचं मांस सुटून खालचा दगड पांढराफटक दिसायला लागला. त्याने उरलेली तोंडं मोजली, मग पुन्हा मोजली. असंच चाललं तर महिन्याभरात अख्खं झाड जाणार होतं.

फुलाचा पाय दगडाच्या फटीत रुतलेला. ओढून काढायला गेलं तर फाटतं आणि मरतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण माणूस घाबरला की जे ठाऊक असतं ते बाजूला ठेवतो. त्याने एक पंप वळवला आणि त्याचा झोत सरळ त्या पायावर सोडला, की झोताला कंटाळून का होईना, उठेल.

"अलोन्झो, असं नको करूस त्याला," ओडेसा म्हणाली.

"दोन दिवस फक्त."

शुक्रवारी सकाळी दिवे लागले तेव्हा टाकीत दोन समुद्रफुलं होती. रातोरात ते मधोमध उसवून एकाची दोन झाली होती, आणि दुसरं प्रवाळाच्या उजव्या अंगाला चिकटून ऐटीत बसलं होतं. जोकर मासे बिचारे या घरातून त्या घरात धावत होते.

ओडेसाला हसू आवरेना. "एकाला हाकलायला गेलास आणि पाहुणे दुप्पट झाले!"

"हसतेस काय?" अलोन्झोचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "हे सगळं तुझ्या डेटनच्या घरात चालत असेल. ही टाकी लुवेनियाची आहे."

ओडेसाचं हसू तोंडावरच थांबलं. पन्नास पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवणारी बाई एवढंच म्हणाली, "बरं."

दिवसभर तिने भांडी आपटली नाहीत, टोमणा मारला नाही, रेडिओ लावला नाही. संध्याकाळी तिचं फोनवरचं बोलणं त्याच्या कानावर आलं. "हो, थर्मन. दोन्ही ने. मासेही ने. रविवारी, चर्चनंतर. पायासकट दगडच उचलून देते." तिने फोन ठेवला आणि त्याला म्हणाली, "नीट सांभाळेल तो."

अलोन्झोला बोलायचं होतं. प्रवाळ वाचणार होतं. मग बरं का वाटत नाहीये, ते कळेना. शनिवार तसाच गेला.

रविवारी पास्टर लॅटिमोर उभे राहिले. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू होई आणि गाण्यात जाई, पण सूर नेमका कुठे लागला हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. आधी शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात तसा स्वर. मग वाक्यं आखूड होत. मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वासाचा एक हुंकार, त्याला ऑर्गनचा टेकू, आणि बघता बघता सगळी सभा त्या लयीवर डोलायला लागे. अलोन्झो चाळीस वर्षं हे ऐकत होता आणि अजूनही त्या वळणाला त्याच्या अंगावर काटा यायचा.

"एक माणूस दारात उभं होतं!" पास्टर गात होते.

"हो, होतं!" सभा म्हणाली.

"म्हणाले, बाकावर जागा नाही!"

"म्हणाले!"

"बाक आखूड नव्हता हो! बसणारे ऐसपैस होते!"

"सांगा, पास्टर!"

"पाय दुखतायत त्याचे! सरका जरा! लांबून आलंय ते! सरका जरा! आणि अहो, माझा देवच त्या दारात उभा असला तर? सरका जरा!"

लोक खरोखरच सरकायला लागले. अलोन्झोच्या बाकावर पलीकडच्या टोकाचे एक धिप्पाड गृहस्थ भक्तीच्या भरात असे सरकले, की अख्खी रांग दाबली गेली, ओडेसा अलोन्झोवर आली आणि अलोन्झोचा अर्धा देह बाकांमधल्या वाटेत लोंबकळू लागला. एक पाय जमिनीवर, टोपी तिसऱ्या रांगेत. ओडेसाने तोंडावर रुमाल दाबला, पण तिचे खांदे हलत होते. दोन दिवसांनी प्रथमच.

तसाच अर्धवट लोंबकळत अलोन्झो विचार करत राहिला. फुलाला सांगून उपयोग नाही, ते ऐकत नाही. प्रवाळाला सांगून उपयोग नाही, त्याला पाय नाहीत. मग हलायचं कुणी? आणि त्याला आठवलं, की ती दोन तोंडं आणली त्या वर्षी लुवेनियाने त्यांची जागा तीनदा बदलली होती. आधी काचेजवळ, मग तळाशी, मग मधोमध. बाह्या कोपरापर्यंत वर करून, हात पाण्यात घालून, आनंदाने. मधली जागा कायमची केली होती ती त्याने, लुवेनिया गेल्यावर.

तीन वाजता थर्मन बादली घेऊन हजर झाला.

"बादली ठेव," अलोन्झो म्हणाला. "टॉवेल धर."

"टॉवेल? डीकन, मी फुलं न्यायला आलोय."

"फुलं कुठेही जात नाहीयेत. टॉवेल धर म्हणतो ना."

त्याने दोन्ही हात टाकीत घालून लुवेनियाचं प्रवाळ मुळापासून हलवलं, उचललं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकीच्याच पाण्याने भरलेल्या परातीत ठेवलं. मग तळघरातून कवळ्यांच्या कामाची छोटी विजेची करवत आणली आणि डोळ्यांना चष्मा लावला.

ओडेसा दारात आली. "वेडा झालास का? ते तिचं आहे!"

"तिने मला दोन तोंडं ठेवायला दिली होती. बाकीचं त्याचं तेच वाढलंय."

"अरे, पण मेलं तर?"

"तर मेलं म्हणेन." त्याने करवत सुरू केली. पन्नास वर्षं कवळ्या घासलेला हात होता तो. "सरक जरा. उजेड अडतोय."

करवत देठाला लागली आणि खोलीभर दाताच्या दवाखान्यातला वास पसरला. मांसाच्या दोन बोटं खाली, जिथे नुसता दगड असतो, तिथे तो एकेक फांदी कापत गेला. सगळी तोंडं भिऊन आत गेली होती. परातीत नुसता बुळबुळीत पांढरा ढीग दिसत होता, आणि ओडेसाच्या डोळ्यांना धार लागली होती. पण तीच पुढे झाली, कापलेला प्रत्येक तुकडा औषधाच्या पाण्यात बुडवून दगडाच्या चकतीवर चिकटवू लागली. मोठा हिस्सा त्यांनी टाकीच्या उजव्या टोकाला उंच कपारीवर बसवला. मधली जागा दोन गुलाबी फुलांची झाली. "एकाचीच दोन झालेली ती, एकमेकांना डंख नाही मारत," ओडेसा नाक पुसत म्हणाली. पांढरी पडलेली तीन तोंडं अलोन्झोने टाकली नाहीत. एका कोपऱ्यात ठेवली.

चार तोंडांची एक फांदी त्याने थर्मनच्या बादलीत सोडली.

थर्मन बादलीत बघत राहिला. पाच वर्षं मागून मिळालेली फांदी ती. शेवटी म्हणाला, "पुढची कटिंग फुकट."

"कापायला आहे काय?" अलोन्झो म्हणाला.

मग वाट बघणं आलं. सोमवारी एकही तोंड उघडलं नाही. मंगळवारीही नाही. अलोन्झो खुर्चीत बसून दर तासाला म्हणे, "मी मारलं ते." ओडेसा शेजारी दुसरी खुर्ची घेऊन बसे आणि म्हणे, "गप्प बस. त्याला ऐकू जाईल." बुधवारी त्याने जेवण अर्धं टाकलं. रोज सकाळी त्याने प्रार्थना केली, आणि देवाकडे प्रवाळासाठी काही मागावं की नाही, या विचाराने त्यातच अडखळला.

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"उघडलं!" थर्मन दुकानातूनच ओरडत होता. मागे कात्रीचा आवाज. "चारही तोंडं! आता घरून बायकोने कळवलं! बशीएवढी झालीयेत! तुमचं?"

अलोन्झोने टाकीकडे पाहिलं. "आमचं अजून नाही."

फोन ठेवला तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं, की ओडेसाला राहवेना. "हेवा वाटतोय, डीकन? न्हाव्याचा?"

"मला काही हेवाबिवा वाटत नाही. चांगलंच आहे. गावात एक जिवंत आहे, एवढं बास." तो खरंच बोलत होता, आणि आपण खरं बोलतोय याचं त्यालाच नवल वाटलं. "पण त्याची बायको पाण्यात काय घालते, ते विचार."

"तूच विचार. आणि इकडे ये."

"काय झालं?"

"ये म्हणते ना."

ती उजव्या कपारीसमोर गुडघ्यांवर बसली होती, नाक काचेला लावून. अलोन्झो कुरकुरत तिच्या शेजारी खाली बसला. गुडघ्यांनी आवाज केला. वरच्या फांदीच्या एका तोंडातून तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं काहीतरी बाहेर आलं होतं. टोकाला इवली हातोडी. पाणी आलं तसं ते एका बाजूला झुकलं, मग दुसऱ्या.

"एक," ओडेसा म्हणाली.

"दीड," अलोन्झो म्हणाला. "त्याच्या खाली बघ."