बेदाण्याचा वास

"चहाचं दुकान? ते कवाच बंद झालं की, ताई. मोबाईलचं कव्हर बगताय का?"

पूनम शुक्रवार पेठेतल्या त्या गाळ्यासमोर उन्हात उभी होती. आठवड्यातला सुट्टीचा एकच दिवस, त्यातही घरचं सगळं टाकून ती रिक्षा बदलत इथवर आली होती. काचेमागे रंगीबेरंगी कव्हरं टांगलेली होती. आतल्या माणसाने फारसं वर न बघता सांगितलं, की म्हातारे वीरभद्रप्पा आजारी पडले, पोराने दिवाळीच्या आधीच शटर ओढलं आणि कुठल्याशा पार्सल कंपनीच्या गोडाऊनला नोकरी धरली.

परवाच तर त्या पोराने, नंदीशने, तिच्यादेखत वडिलांना सांगितलं होतं, की आप्पा, यंदाचं चहाचं पान आलंय, माल सरस आहे, गिऱ्हाईक तुमची चौकशी करतंय. आणि डायलिसिसच्या मशीनला जोडलेला तो म्हातारा बिछान्यावरून त्याला बजावत होता, की गोणी फोडताना वास घेऊन बघ, ओल लागलेली असली तर परत धाड.

पूनमची कानशिलं तापली. ती तशीच मागे वळली.

जेऊरच्या शेतकऱ्याची ही मुलगी नर्सिंग शिकायला सोलापुरात आली आणि इथलीच झाली. आता चाळिशी जवळ आली होती. एका खाजगी दवाखान्यात डायलिसिसच्या वॉर्डात ती स्टाफ नर्स होती आणि तिथे तिचा राग सगळ्यांना माहीत होता. पेशंटला बेडच्या नंबराने हाक मारणाऱ्या डॉक्टरशी तिचं वाजायचं. पेशंटच्या तोंडावर त्याच्या मरणाबद्दल बोलणाऱ्या नातेवाइकांना ती वॉर्डाबाहेर काढायची. नोकरी राग गिळायची होती आणि तिला तो गिळता येत नव्हता. बाकी आयुष्य चारचौघींसारखंच. चहादेखील ती उभ्या उभ्या प्यायची. साय धरलेला, गार, गोड. चव बघायला वेळ कोणाला होता?

वीरभद्रप्पा दिवाळीनंतर वॉर्डात आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिचं त्यांच्याशी भांडण झालं. अक्कलकोटकडून तरुणपणी आलेल्या ह्या माणसाने शुक्रवार पेठेत उभा जन्म पानाचा चहा विकला होता. आता मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना मशीनवर घ्यावं लागे. पाणी, दूध, आमटी, सगळं मोजूनमापून. आणि हे महाशय डाव्या हातात सुया टोचलेल्या असताना उजव्या हाताने थर्मास उघडत होते. तिने थर्मास ओढून घेतला. आप्पा शांतपणे म्हणाले, "पानी ब्याड, नको मला, यव्वा. माज्या वाट्याचं पानी मी चहातनंच पितो. मोजून दे, पर दे."

डॉक्टरांनी अर्ध्या कपाला परवानगी दिली. त्या अर्ध्या कपातला घोटभर आप्पा तिला थर्मासच्या झाकणात देऊ लागले. कोरा, बिनसाखरेचा. ते तिला पूनमव्वा म्हणायचे; कानडीत अव्वा म्हणजे आई. पहिल्यांदा तिने औषधासारखा गिळला, तर ते वैतागले.

"भुरका मारून पी. लाज सोड. चहा जिभंवर पसरला पायजे, नाकाकडं चडला पायजे. आदी जिभंच्या कडंला तुरट लागंल. गिळलास की थांब, बोलू नको. घशातनं गोडी वर येती. तिच्या मागनं वास येतो. सुकत घातलेल्या बेदान्याचा."

तिने डोळे मिटून पुष्कळदा शोधला. एका दुपारी तिला तो सापडला. "आला, आप्पा," ती म्हणाली, आणि म्हातारा असा खूश झाला, जणू घरात पोर जन्मलं. तेव्हापासून दुपारचा तो घोट तिने कधी चुकवला नाही. मशीनशेजारच्या स्टुलावर ती बसायची. ड्यूटीत तेवढंच बसणं. एकदा घरी तिने डब्यातल्या पावडरीचा तसा चहा करून बघितला, तर सासूबाई म्हणाल्या, "घरात दूध असून कोरा चहा? कोन मेलंय का हितं?" तिने तो मोरीत ओतला आणि दिवसभर भांडी आपटत राहिली. मग ठरवलं, की आप्पांच्याच दुकानातून चांगलं पान आणायचं, स्वतःसाठी आणायचं, आणि बसून प्यायचं. म्हणून ती शुक्रवार पेठेत गेली होती.

पुढच्या खेपेला नंदीश वडिलांना बेडवर बसवून निघाला, तशी तिने त्याला जिन्यात गाठलं. अंगात पार्सल कंपनीचा शर्ट, डोळ्यांखाली काळं. थर्मास पुढे धरून तिने विचारलं, ही पत्ती कुठली. तो सवयीने म्हणाला, दुकानची.

"दुकानात मी जाऊन आलेय."

नंदीशने नाकारलं नाही. तो कठड्याला टेकला. दुकान चालत नव्हतं, लोक पुड्या घेतात, असं म्हणाला. डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून सांगितलं होतं, मग आज सांगू उद्या सांगू करत राहून गेलं. आणि चहा? चहा किराण्यातल्या पुडीचा. पातळ करून दोनदा गाळला, की रंग तसाच दिसतो.

"आप्पांच्या तोंडाला चव हाय कुटं, सिस्टर? भाकरीसुदिक लोकंडावानी लागती म्हनतात. त्यांना काय फरक पडतोय?" तो म्हणाला, आणि मग तिच्याकडे बघून, "तुमाला तरी कुटं कळलं?"

पूनमच्या थोबाडीत बसल्यासारखं झालं. तिने विचारलं, दुकानातलं सगळं पान विकलं का. नंदीशने सांगितलं, की एक डबा आहे घरी, आईने ठेवलाय. गोडाऊनचे साहेब घरी आले, की त्यातला करतो. "त्येंना कळतं त्यातलं."

हे मात्र तिला सहन झालं नाही. जिन्यातली माणसं वळून बघू लागली तरी तिचा आवाज खाली आला नाही. पुढच्या खेपेला तो डबा इथे आला पाहिजे, नाहीतर मी तुमच्यासमोर आप्पांना सगळं सांगेन, असं तिने त्याला सुनावलं. नंदीश पायऱ्या उतरत म्हणाला, "सांगा. बीपी चडलं की तुमीच निस्तरा."

पुढच्या खेपेला त्याने वडिलांना सोडलं, थर्मास टेबलावर ठेवला आणि तिच्या नजरेला नजर न देता निघून गेला. पूनम मनातल्या मनात वाक्यं जुळवत सुया टोचत होती. मशीन सुरू झालं, तेव्हा वॉर्डाच्या दारात चन्नम्मा उभी दिसली. आप्पांची बायको. कधी दवाखान्यात न येणारी ती बाई जिना चढून धापा टाकत होती. तिच्या हातातल्या कापडी पिशवीत पत्र्याचा डबा होता आणि टॉवेलात गुंडाळलेला पांढरा कप.

"पोरानं जिन्यातलं सांगितलं घरी. मी बी गप बसले," ती पूनमला हळूच म्हणाली. "आता बसवत न्हाई."

दोघी वॉर्डाशेजारच्या पँट्रीत, स्टाफच्या चहाच्या खोलीत, गेल्या. डबा उघडला आणि पूनमने आत बघितलं. ती चहाला भुकटी म्हणूनच ओळखत होती. ही लांब, पिळदार, काळसर तपकिरी पानं होती, मधे मधे सोनेरी टोकं. केटलीतलं पाणी खळखळल्यावर चन्नम्माने चिमूटभर पानं स्टीलच्या पातेल्यात टाकली, वरून पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि हात बांधून उभी राहिली. झाकण काढलं, तेव्हा डेटॉल आणि फिनेलच्या त्या खोलीत भलताच वास पसरला. चहाचा रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा होता.

पूनमने चमच्याने घेऊन भुरका मारला. आधी जिभेच्या कडा आवळल्या. तिने गिळलं आणि थांबली. मग घशातून गोडी वर आली, खरोखरच आली, आणि तिच्या मागून उन्हात पडलेल्या द्राक्षांचा वास. आप्पा इतके महिने बोलत होते ते ह्याच्याबद्दल. तिला आजवर सापडलं होतं ते काहीच नव्हतं. ती फक्त त्यांचे शब्द पीत होती. तिला नंदीशपेक्षाही स्वतःचा राग आला.

तिने कप आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो सवयीने नाकाशी नेला आणि तिथेच धरला. मग एक भुरका घेतला. परत एक. मग कप टेबलावर ठेवला. त्यांनी चन्नम्माकडे बघून कानडीत विचारलं, दुकान कधी बंद केलं. तिने खाली बघत सांगितलं. चहाच्या एका घोटावरून त्यांना रोजच्या चहाचं आणि दुकानाचं सगळं समजलं होतं.

आप्पांनी डोकं उशीवर टेकवलं. बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता, पण पूनमला वाटलं, ह्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, माजी जीभ मेली. रोज घोट घ्यायचो, नुसतं तुरट पानी. म्हनलं, संपलं. ज्या जिभंवर घर चाललं, ती आपल्या आदी गेली. कुनाला सांगायचं? म्हनून जुनं आटवून आटवून बोलत हुतो." त्यांनी मान वळवली. "आनि तू, पूनमव्वा? तुला बेदाना कुटनं लागला?"

"तुमी म्हनलात म्हनून लागला, आप्पा."

"म्हंजे तूबी त्यातलीच."

फसवणारे दुसरे होते, पण ती मान खाली घालून नळीची चिकटपट्टी नीट करू लागली.

नंदीश त्यांना न्यायला आला, तेव्हा मशीन अजून चालू होतं. टेबलावरचा कप आणि डबा बघून तो जागीच थांबला. आईने त्याच्याकडे बघितलं नाही. आप्पांनी त्याला जवळ बोलावलं.

"दुकान बंद केलास त्याचा राग न्हाई. चालत न्हाई तवा बंद करावं लागतं, मला कळतं. पर तू मला माज्याच जिभंवर संशय घ्याला लावलास. मी रोज मरत हुतो आनि तू बगत हुतास."

नंदीशचाही तोल गेला. पहाटे उठून तुमची पथ्याची भाकरी, तुमच्या गोळ्या, इथे आणून सोडायचं, मग गोडाऊनला साहेबाच्या शिव्या, परत न्यायला यायचं, असं त्याने सगळ्या वॉर्डासमोर ऐकवलं. "पानं मुरवत बसायला येळ कुटं हुता मला? येक दीस तरी चुकलो का यायला?"

"न्हाई चुकलास," आप्पा म्हणाले. "रोज आनलंस. रोज खोटं आनलंस."

मशीन किंचाळायला लागलं. पूनमने नंदीशला बाजूला सारलं, आप्पांची पाठ टेकवली, बीपी घेतलं, नळी तपासली. डॉक्टर धावत आले. अर्ध्या कपाच्या परवानगीचा हा असला वापर कोणी केला, ह्यावरून त्यांनी सगळ्यांसमोर तिला झापलं आणि परवानगीही काढून घेतली. एरवी तिने जागच्या जागी परत केलं असतं. आज ती आप्पांच्या मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत राहिली. नाडी फार जोरात चालली होती.

पुढच्या खेपेला ते येतात का नाही, ह्याची तिला धास्ती होती. आले. नंदीशनेच आणलं, पण रिक्षातून उतरताना आप्पांनी त्याचा हात धरला नव्हता, भिंतीला धरून जिना चढले होते. थर्मास नव्हता. डबा होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. पूनमने डॉक्टरांकडे जाऊन अर्ध्या कपाची परवानगी पुन्हा मागितली. मागितली म्हणजे भांडून घेतली. मग आप्पांनी डबा मुलाकडे सरकवला.

"कर," एवढंच म्हणाले.

नंदीशने गोडाऊनला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. पलीकडून कोणीतरी वरच्या आवाजात बोलत होतं. तो पँट्रीत गेला आणि कप घेऊन पूनम बेडपाशी आली. आप्पांनी जिभेवर थेंबभर टेकवला. "पानी नुसतं गरम हाय. उकळलंच न्हाई. टाक." तिने कप परत नेला. दुसरा कप आला. "लई मुरवला. कडू झाला." तोही बेसिनमध्ये गेला. त्या बारक्या खोलीपासून बेडपर्यंत येरझाऱ्या घालताना पूनम धुमसत होती. ह्या हट्टी म्हाताऱ्यावर, त्या मान खाली घालून पाणी उकळणाऱ्या पोरावर, आणि दोघांच्यामध्ये कप घेऊन फिरणाऱ्या स्वतःवर.

तिसरा कप आप्पांनी परत पाठवला नाही. ते भुरका मारून थांबले, डोळे मिटून पुष्कळ वेळ थांबले. मग आपल्या वाट्याच्या त्या अर्ध्या कपातला थोडा डब्याच्या झाकणात ओतून तिच्यापुढे धरला.

"सांग."

पूनम स्टुलावर बसली. तिने भुरका मारला, गिळला. तुरट, गोड, बेदाणा, आप्पांची सगळी वाक्यं ओठांवर तयार होती. ती तिने सोडून दिली.

"कडंला तुरट लागतंय," ती म्हणाली. "घशात कायतरी हाय, पर त्याला काय म्हनायचं ते मला ठावं न्हाई, आप्पा."

आप्पांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि कपातला उरलेला चहाही तिच्या झाकणात ओतला.

पँट्रीच्या दारात नंदीश ओले हात शर्टाला पुसत उभा होता. चहा कसा झाला, हे त्याला कोणी सांगितलं नाही.