नाकाच्या सुया

तापानं माह्यं नाक नेलं. म्हणजे चेहऱ्यावरचं आहे जागच्या जागी, माहेरचं लांबलचक नाक आहे ते, कोठी जाते! वास गेला. ताप उतरला अन् एका सकाळी मी चहात चांगलं आलं ठेचून टाकलं, तर चहा नुसत्या गरम पाण्यासारखा. यशदीप आमचा पोट्टा, त्याच्या बाबाले म्हटलं, "अवो, या आल्यात काही दम नाही." त्याईनं घोट घेतला अन् म्हणे, "मस्त तर आहे." मंग मी लसूण ठेचला, हिंगाची डबी उघडली, शेवटी फिनाईलची बाटली नाकाशी लावली. काहीच नाही बापा!

आता तुमी म्हणान, वास गेला तर गेला, लोकायचे हातपाय जातात. पण मी कलावती आहे. रायपूरच्या गुढियारीपासून भिलाईपर्यंत, नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या कितीतरी मराठी घरी मटण शिजते ते माह्या काळ्या मसाल्यात. पाकिटावर माह्या फोटो आहे. धने, खोबरं, शहाजिरं, लवंग, दगडफूल, एकेक जिन्नस वेगळा भाजा लागते. त्याले घड्याळ चालत नाही, रंग पाहून तर माणूस फसतेच. नाक सांगते, की आता काढ. दगडफूल जरासं जास्त भाजलं की सगळा घाणा कडू. नाक गेलं म्हणजे मी गेली. मले दुसरं काही येत नाही, खरं सांगते.

यशदीपचे बाबा, नत्थू नाव त्याईचं, रेल्वेच्या मालधक्क्यातून रिटायर झालेले. ते थट्टा करत, "राग तर अजून नाकावरच आहे तुह्या. वासच तेवढा गेला." मले हसूही येई अन् रडूही येई.

नाक-कानवाल्या डॉक्टरनं फवारा देला, गोळ्या देल्या, अन् म्हणे वाट पाहा. किती वाट पाहू? मंग आमची सून पायल, तिनं मोबाईलवर शोधून काढलं. पोट्टी इथंच रायपुरात वाढली, मराठी समजते सगळं, पण तोंडातून हिंदीच निघते. "मम्मी जी, तेलीबांधा में चाइनीज़ इलाज करते हैं, सुई वाला. एक बार दिखा दो ना." मी म्हटलं, "नाकाले सुया टोचून घेऊ? डोस्कं फिरलं का तुह्यं?" पण गेली. गरज होती ना मले.

तेलीबांधाच्या तलावासमोर, दुसऱ्या माळ्यावर दवाखाना. डॉक्टरीण अनुश्री मॅडम, यशदीपच्याच वयाची असन. तिनं माह्यी जीभ पाह्यली, दोन्ही हातायची नाडी पाह्यली, अन् झोप कशी, भूक कशी, पाय थंड पडतात का, सगळं विचारलं. म्हटलं, बाई, नाकाचं दुखणं घेऊन आली, पायाचं काय विचारतं! ती हसली. मंग केसावानी बारीक सुया काढल्या. नाकपुड्याच्या दोन बाजूले, भुवयाच्या मधात, अंगठ्याच्या बेचक्यात. मुंगी चावल्यासारखं होते, मंग तिथं जड-जड वाटते. नाकाजवळच्या त्या जागेले चिनी भाषेत नाव आहे म्हणे, त्याचा अर्थ सुगंधाचं स्वागत. मी म्हटलं, "आमच्याकडे स्वागताले हार आणतात, तुमी सुया आणता."

पण पोट्टी खरी होती. पहिल्याच दिवशी म्हणे, "आंटी, गारंटी नहीं दूँगी. कभी आता है, कभी नहीं आता. सुई से आया कि समय से आया, ये भी छाती ठोक के नहीं बोल सकती." घरीही काम लावून देलं. सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब, कापूर, एकेक नाकाशी धरायचं अन् तो वास मनात आठवायचा. मी आठवत बसे. लवंगेचा वास आठवता आठवता डोळ्यातून पाणी येई, पण लवंग काही नाकात येत नसे.

पायल मले स्कूटीवर नेऊन सोडे, अन् झालं की घ्यायले येई. शेजारच्या बायकायले मी सांगत फिरे, की सून असावी तर अशी. घरी भाजायच्या दिवशी ती माह्या बाजूले उभी राहे. मी कढई हालवत विचारे, "झालं का वं?" ती म्हणे, "हव मम्मी जी, हो गया, उतार दो." मी उतरवे. मंग यशदीप तो माल चक्कीवर नेई, दळून आणे, पाकिटं भरे. दुकानायच्या ऑर्डरी चालूच होत्या. मले वाटे, चला, सून माह्यं नाक झाली, पोट्टा माह्ये पाय झाला, आणखी काय पायजे!

तरी जिवाले घोर राहेच. दुसऱ्याच्या नाकावर भाजलेला मसाला, कसा होते कोणाले माहीत. म्हणून रविवारी मटण झालं की मी एकाच माणसाले विचारत होती. यशदीपचे बाबा जेवायले बसले की मी समोर बसे अन् विचारे, "खरं सांगा, कसा आहे?" ते बोटं चाटत म्हणत, "एक नंबर." मले बरं वाटे. या माणसाले खोटं बोलताच येत नाही. पत्ते खेळतानी हाती एक्का आला की यायचं तोंड पाहून सगळ्या मोहल्ल्याले समजते. हे एक नंबर म्हणत, म्हणून मी पुढच्या वेळी कढई चढवत होती. नाहीतर कधीच सोडून देलं असतं.

अन् एका दिवशी काय झालं, मी सुया लावून पडली होती. मॅडम एक काडी पेटवते, दवण्यासारख्या पाल्याची वळलेली, तिचा शेक देते. तो शेक मी इतके दिवस घेत होती, नुसता गरम लागे. त्या दिवशी मी एकदम ओरडली, "मॅडम, बाजूच्या खोलीत कोणी गांजा पिऊन राहिला!"

मॅडमच्या हातातली काडी तशीच राह्यली. "आंटी! आपको बास आ रही है?"

"हव ना! गांजाची!"

"आंटी, वो गांजा नहीं, ये काडी है!" ती धावत गेली अन् लवंग घेऊन आली. माह्या नाकाशी धरली. वो माय! लवंग! पहिले दूर कोठीतरी, मंग हळूहळू जवळ आली, अन् मंग पूर्ण डोस्क्यात भरली. मी नाकात सुया असतानीच रडून राहिली अन् मॅडम "हिलो मत आंटी, हिलो मत" म्हणत स्वतःच डोळे पुसून राहिली. ती म्हणे, घर पे फोन लगाऊँ? मी म्हटलं, नको. आमच्या यायले मी स्वतः सांगीन. त्याईचा चेहरा मले पाहायचा होता.

पायल यायले वेळ होता. पण मले कोठी दम निघते! ऑटो केला. तलावाच्या पाण्याचा तो शेवाळी वास, डिझेल, रस्त्यावर तळणारे समोसे, ऑटोवाल्याच्या खिशातला तंबाखूचा गुडाखू, सगळं नाकात घेत आली. ऑटोवाला आरशातून पाहून राहिला होता, की ही बाई हसते काहून.

घराचं दार लोटलेलंच होतं, यशदीपचे बाबा पत्ते खेळायले गेले होते. मी आत पाय ठेवला अन् एक वास आला, जुन्या धन्याच्या भुशासारखा, त्यात काहीतरी बाटलीतल्या अत्तरावानी उग्र. म्हटलं, हे कोणाच्या घरचं आहे? समोरच्या खोलीत चादर पसरली होती. तिच्यावर गोल बाजारातल्या ठोक दुकानाचं पोतं तोंड उघडून पडलं होतं, अन् पायल त्यातून काळा मसाला काढून माह्या फोटोच्या पाकिटात भरून राहिली होती. यशदीप मशीनवर पाकिटाचं तोंड चिकटवून राहिला होता.

पायल जराशी दचकली, पण लगेच हसली. "अरे मम्मी जी, जल्दी छूट गईं? फोन कर देतीं. मैं तो आपका माल पैक करवा रही थी."

"माह्या माल?"

"हव. परसों भूना था ना आपने, वही."

मी खाली बसली. मूठभर मसाला उचलला अन् नाकाशी नेला. दोघं पाहून राहिले होते, त्याईले काहीच भेव नव्हतं. काहून राहीन? माह्यं नाक तर मेलेलं होतं ना! मी विचारलं, "चांगला भाजला गेला का वं?"

"एकदम मस्त ख़ुशबू आ रही है मम्मी जी." असं म्हणतानी तिचा आवाजही हालला नाही.

मले आजवर कोणी असं उघड्या डोळ्यानं फसवलं नव्हतं. मी ती मूठ तिच्या अंगावर फेकली. "दगडफूल कोठी आहे यात? शहाजिरं कोठी आहे? हा भुसा माह्या नावानं खाऊ घालून राहिल्या लोकायले? वास येते मले! आला माह्या वास, ऐकलं का!"

पायल पांढरीफटक पडली. यशदीप उठला. "मम्मी, सुनो तो. बुखार के बाद वाला पहला घाणा आपने जला दिया था. दुकान से वापस आ गया सब. कड़वा हो गया था."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"आप टूट जातीं."

"अन् मंग ही जी बाजूले उभी राहून हव-हव करत होती ते?"

पायल खाली पाहून म्हणे, "मम्मी जी, मुझे तो आज तक समझ नहीं आया कब कच्चा है, कब हो गया. मैं तो आपका मुँह देख के बोल देती थी."

माह्या भाजलेला माल कोठी जाते, तर बिलासपूर रोडच्या एका ढाब्यावाल्याले. तो कशातही खपवते म्हणे. अन् या सुया? मले स्कूटीवर बसवून इतक्या प्रेमानं नेणं? ते विचारलं तवा पायल रडायले लागली, पण खरं तेवढं बोलली. "आप घर पे रहतीं तो पैकिंग कब करते?"

म्हणजे मी तिकडे नाकात सुया घेऊन पडली राहे, अन् इकडे माह्याच घरी मले विकणं चालू राहे. यशदीप अजून समजावूनच राहिला होता. "मम्मी, एक भी शिकायत नहीं आई. किसी को फर्क ही नहीं पड़ा." त्याले वाटलं, हे ऐकून मले बरं वाटीन. पोटचा पोट्टा आहे, पण त्या टायमाले मले त्याचं तोंड पाहू वाटत नव्हतं.

मी दोघायले बजावलं, "तुमच्या बाबाले मी सांगीन. तुमी एक शब्द बोलायचा नाही." मले त्या माणसाची दया येऊन राहिली होती. बिचारा इतके दिवस तो भुसा माह्या हातचा समजून खात होता, बोटं चाटत होता. घरच्या डब्यातही तेच पाकीट ओतलेलं होतं ना. म्हटलं, यायले सांगायच्या आधी एकदा माह्या हातचं खाऊ घालीन, अन् मंगच सांगीन की माह्यं नाक आलं.

रविवारी हे विहारात वंदनेले गेले होते, तवा मी एकटीनं कढई चढवली. कोणाले बाजूले उभं केलं नाही. दगडफूल टाकलं, नाक पुढं केलं, अन् वेळेवर काढलं. खलबत्त्यात कुटला. रस्स्यावर तर्री अशी आली, की पहिलेवानी. यशदीप अन् पायल त्या दिवशी तिच्या माहेरी निघून गेले होते, ते बरंच झालं.

हे आले, हातपाय धुतले, जेवायले बसले. मी समोर बसली. नव्या नवरीवानी त्याईच्या तोंडाकडे पाहून राहिली. त्याईनं भाकर मोडली, रस्स्यात बुडवली, तोंडात घातली. अन् चावता चावता थांबले. डोळे मिटले. मंग हळूच म्हणे, "आज तुह्या हातचा आहे."

मी म्हटलं, "म्हणजे? रोज कोणाच्या हातचा राहे?"

ते भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राह्यले. चेहऱ्यावर सगळं दिसून राहिलं होतं, पत्त्यावानीच. इतके रविवार मी समोर बसून त्याच चेहऱ्याले विचारत होती, अन् मले काहीच दिसलं नाही.

"तुमाले माहीत होतं?"

"यशदीपनं सांगतलं होतं," ते म्हणे. "पहिला घाणा जळला तवाच. मी म्हटलं, तुह्यी हिंमत खचीन. तू किती आशेनं विचारत होती वं. कसं सांगू?"

मंग त्याईच्या एकदम ध्यानात आलं. त्याईनं ताटावरून मान वर केली, अन् सगळा चेहरा फुलला, म्हातारा माणूस लेकरावानी दिसाले लागला. "म्हणजे नाक आलं का तुह्यं? कलावती! खरंच आलं?"

हाच चेहरा पाहायसाठी मी ऑटोत हसत आली होती. पोट्ट्याचं मी समजू शकते, त्याले धंदा पाहायचा होता. सून परक्या घरची. पण मी सगळं जग सोडून या एका माणसाले विचारत होती, अन् यायनंही त्या दोघायसोबत मिळून मले मधात येडी करून बसवून ठेवलं होतं.

"आलं," मी म्हटलं. "माह्यं नाक गेलं होतं. पण तुमची जीभ तर होती ना?"

मी उठली, रस्स्याचं पातेलं उचललं, अन् आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. मंग जमिनीवर बसून एकटीच जेवली.