आक्काबाईची पाठ, पायाळूचा पाय आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी विजेची पेटी आहे, आणि माझ्यात देव नाही की भूत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या घरात माझं बहुतेक आयुष्य गेलं, तिथे अजूनही तिन्हीसांजेला माझ्या कोनाड्याकडे पाठ करून कुणी बसत नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. सागवानी अंग, पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन सेल आणि बाहेर दोन पितळी चकत्या, एवढाच माझा संसार. चकत्यांना ओलं फडकं गुंडाळायचं, दुखऱ्या पाठीवर ठेवायच्या आणि बटण दाबायचं. मग मी भुणभुणते आणि आखडलेला स्नायू आपोआप फुरफुरू लागतो. देवळाली प्रवराच्या दत्तोपंत डॉक्टरांनी मला मोठ्या हौसेने विकत आणलं. ते प्रत्येक रोग्याला बजावत, "ही पेटी झोपलेल्या स्नायूला फक्त हाक मारते. जागा झाला की त्याला कामाला लावायचं ते तुम्ही. व्यायाम केला नाहीत तर तो पुन्हा झोपेल." रोगी माना डोलवत. तेवढा एक व्यायाम सगळ्यांना छान जमे.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती. ऊसतोडीच्या दिवसांत, जनावरांसाठी वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेताना छगनरावांच्या बायकोच्या, आक्काबाईच्या कंबरेत चमक निघाली आणि ती आडवी झाली. वाकता येईना, उठून बसता येईना. त्यात लेक रंगूचं लग्न ठरलेलं. हळद दळायला नवरीच्या आईने जात्यावर बसायचं, अशी त्या घरची रीत. आक्काबाईला त्यापुढे दुसरं काही सुचत नव्हतं. "मी जात्यावर बसले न्हाई, तर माज्या रंगूला हळद कुनाच्या हातची लागायची?" असं म्हणून ती पडल्या पडल्या रडायची.

घरात इलाज नव्हता असं नाही. सासूबाई गोजरबाई पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेल्या. पायाळू माणसाने पाठीवर लाथ मारली की उसण जाते, असं सारं गाव मानायचं. गोजरबाई भाकरी थापता थापता उठायच्या, दारात आलेल्याला लाथ घालायच्या आणि हात धुऊन पुन्हा चुलीशी बसायच्या. सुनेला तर त्यांनी हक्काने घातल्या. उसण तसूभर हलली नाही.

शेवटी छगनरावांनी बैलगाडीतून डॉक्टरांना आणलं, डॉक्टरांच्या पत्नी अंबिकाबाईंना आणलं आणि मला आणलं. परक्या पुरुषाने बाईच्या पाठीला हात कसा लावायचा? म्हणून दत्तोपंत ओसरीवर बसून सांगत आणि अंबिकाबाई आत चकत्या ठेवत. बटण दाबताच आक्काबाई ओरडली, "अगं बया, पाठीत मुंग्या चालल्या!" थोड्याच दिवसांत ती भिंतीला धरून उठून बसू लागली.

झालं! छगनरावांनी माझ्यापुढे नारळ फोडला. त्याचं पाणी माझ्या फटीत गेलं, ते कुणी पुसलं नाही. शेजारीपाजारी नुसता झटका अनुभवायला यायचे. एका म्हाताऱ्याने चकती दातावर ठेवून मागितली. आणि व्यायाम? अंबिकाबाईंनी करून दाखवला: पालथं पडायचं, हात अंगालगत ठेवायचे आणि झेपेल तेवढी छाती वर उचलायची.

"सुनंनं भुईवर पडून नागिनीवानी डोकं वर काढायचं?" गोजरबाई कडाडल्या. "आमच्या घरात तालीम न्हाई!"

आक्काबाई तरी शहाणी असेल, तर तीही म्हणाली, "वैनीबाई, यंतर हाय की. मंग मी कशाला जीव काढू?"

मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतला असता.

मग माझे सेल संपले. लढाईमुळे बाजारात सेल औषधालाही मिळेनात. मिळाले की बघू, असं म्हणून डॉक्टरांनी मला त्याच घराच्या कोनाड्यात ठेवलं. जागा झालेला स्नायू डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा झोपला आणि आक्काबाई पुन्हा आडवी झाली. लग्न तोंडावर आलेलं. तिचं रडणं मला ऐकवत नव्हतं, आणि रागही तितकाच येत होता.

अंबिकाबाई आल्या आणि गोजरबाईंकडे वळल्या. "तुमच्या पायात गुण आहे ना?"

"हाय म्हंजे? गावाला इचारा."

"मग पाय पाठीकडे कशाला नेता? आपण देवाच्या पाया पडायला देवळात जातो, की देव घरी येतो? पाठीनंच पायाकडे यायला हवं."

हे गोजरबाईंना एकदम पटलं. त्या बाजेवर बसल्या आणि पाय खाली सोडला. खाली आक्काबाई पालथी. तिने पाठ उचलून सासूच्या तळव्याला टेकवायची. अंबिकाबाई दर खेपेला येत आणि "थंडी आहे हो" म्हणत गोजरबाईंच्या खाली एक गोधडी जास्त घालत. पाय तेवढाच वर जाई.

"आत्याबाई, पाय जरा खाली घ्या की!" आक्काबाई घामाघूम होऊन म्हणायची.

"गुन पायजे तर वर ये!"

हळदीच्या दिवशी आक्काबाई जात्यावर बसली. खुंटा धरला, अंग पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. पिवळी धार पडू लागली. दळण संपल्यावर ती कुणाचा हात न धरता उठली, आणि रंगू तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मलाही तेव्हा फार भरून आलं.

पण पुढचं ऐका. गोजरबाई म्हणाल्या, "माज्या पायाचा गुन!" छगनराव म्हणाले, "पेटीची किरपा!" आणि त्यांनी मला हळदीकुंकू फासलं. अहो, मी तेव्हा मुकी होते! माझ्या पोटात जीव नव्हता! भुईवर घाम गाळला कुणी, हे त्या मांडवात एकानेही विचारलं नाही. आक्काबाई नुसती हसत होती.

डॉक्टरांनी पुढे नवी पेटी घेतली आणि मी कोनाड्यातच राहिले. कुंकवाने चकत्या हिरव्या पडल्या. मग एके दिवशी पाण्याची घागर उचलताना खुद्द गोजरबाईंची कंबर धरली. गावात दुसरं पायाळू कुणी नव्हतं, आणि स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला पोचतो थोडाच! "आता मला लाथ कोन घालनार?" म्हणून त्या विव्हळू लागल्या. छगनराव धावत माझ्याकडे आले आणि माझं बटण दाबत सुटले.

आक्काबाई आधी सासूच्या पाया पडली. मग बाजेवर बसून तिने पाय खाली सोडला.

"आत्याबाई, पालथ्या व्हा."

"तू कुठं पायाळू हायेस?"

"न्हाई. म्हनून तर समदं तुमालाच करायचं हाय."

गोजरबाई कुरकुरत पालथ्या झाल्या. छगनराव अजून माझं बटण दाबतच होते. मित्रांनो, मला जपायचं असेल तर माझ्यावरचं कुंकू पुसा आणि मला कोरड्या जागी ठेवा. पण पाठ जपायची असेल, तर कृपा करून माझ्याकडे बघत बसू नका.