भाऊबीजेला गाडी अडली

मला गाडीतलं काही कळत न्हाय, यावर आमच्या घरात लग्न झाल्यापासनं सगळ्यांचं एकमत हाय. दार जरा जोरात लागलं तरी आमच्या ह्यांच्या कपाळाला आठ्या. काचेवर माझ्या बोटाचा डाग दिसला की दिवसभर तोच विषय. हे म्हणजे हंबीरराव. गडमुडशिंगीत कुणालाही विचारा, पांढऱ्या गाडीचे हंबीरराव म्हणून घर दाखवतील. कारखान्यातनं रिटायर झाल्यावर हौसेनं गाडी घेतली आणि तिला जेवढं जपलं तेवढं मला जपलं असतं तर मी आज वीस वर्षांनी तरणी दिसले असते. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, मागनं न्हाय.

आमच्या दाराला उतार हाय. पत्र्याच्या शेडात गाडी लावली की हे हँडब्रेक असा करकरून ओढायचे की शेजारच्या पृथ्वीराजच्या म्हशी कान टवकारायच्या. आणि अमावस्या आली की गाडीची आंघोळ. चारी चाकं घासून धुवायची, उदबत्ती ओवाळायची, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. मग हे गाडी घेऊन एक चक्कर मारून यायचे. ती चक्कर कशाला मारतात, मी कधी विचारलं न्हाय. हौस असंल म्हटलं.

पाऊस लागायच्या तोंडाला ह्यांच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. दवाखाना झाला, जीव वाचला, पाय बराचसा सुधारला, पण डावा हात मांडीवर नुसता पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, ह्यांना घराबाहेर काढा, चालवा, माणसांत न्या, न्हायतर आहे ते बी जाईल. आमचे हे काठी टेकत न्हाणीपर्यंत जायचे आणि परत खिडकीजवळच्या कॉटवर येऊन बसायचे. जेवता का, बघू. पोराशी, विश्वजितशी, फोनवर बोलता का, बघू. अहो अंगणात तरी चला, बघू. सगळ्या गल्लीत ज्याचा आवाज घुमायचा त्या माणसाजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. मला त्या शब्दाचा असा राग यायचा की ताट आपटावं वाटायचं. आणि रात्री हे झोपले की त्यांच्या हातावरनं हात फिरवत मी रडायची.

गाडी शेडातच उभी राहिली. पुण्यातनं आमचा विश्वजित म्हणाला, विकून टाकूया आई. मी त्याला असं झापलं की त्यानं परत तो विषय काढला न्हाय. बॅटरी उतरू नये म्हणून पृथ्वीराजनं मला गाडी चालू-बंद करायला शिकवलं. दर रविवारी मी आत बसून किल्ली फिरवायची, गाडी जाग्यावर गुरगुरायची, मग बंद. आणि अमावस्येची आंघोळ मी मोडली न्हाय. लुगडं खोचून, चाकं घासून, सगळं ह्यांच्यासारखं.

धुणं झालं की खिडकीतनं आवाज यायचा, "ब्रेक वर हाय न्हवं?"

मी पळत जाऊन तो ब्रेक आणखी एक टक वर ओढायची आणि म्हणायची, हाय हाय, अगदी घट्ट. 'बघू' सोडून बहुतेक तेवढं एकच वाक्य ह्यांच्या तोंडातनं निघायचं. ते ऐकायला मिळतंय म्हणून मी अमावस्येची वाट बघायची.

आता आक्कांचं सांगते. बाळाबाई, ह्यांची थोरली बहीण, मुरगूडला दिलेली. सासूबाई लवकर गेल्या, तवा आक्कांनीच ह्यांना लहानाचं मोठं केलं. दरवर्षी भाऊबीजेला हे मुरगूडला जायचे, पाऊस असो, आंदोलन असो, जायचे म्हणजे जायचेच. औंदा आक्का पडल्या, खुबा मोडला, त्या अंथरुणाला खिळल्या. दिवाळीआधी त्यांचा फोन आला. मी फोन ह्यांच्या कानाला धरला होता, म्हणून मला बी ऐकू आलं. त्या म्हणाल्या, हंबीर, मला उठता येत न्हाय, तू ये. पुढची दिवाळी मला दिसंल असं वाटत न्हाय.

हे म्हणाले, बघू.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, रिक्षा सांगते. न्हाय. विश्वजित गाडी ठरवतो म्हणतोय. न्हाय. परक्याच्या गाडीतनं दोघांनी धरून उतरवलेला भाऊ आक्कानं बघायचा न्हाय, म्हणून तोंड भिंतीकडं केलं. मला कळलं, ह्यांना जायचंय. जीव तुटतोय जायला. पण आपल्या गाडीतनंच, आणि आपली गाडी चालवायला हात न्हाय.

त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की गौरी-गणपती झाल्यापासनं मी सकाळी अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून कोल्हापूरला जात होते ती राजारामपुरीत ड्रायव्हिंग क्लासला. तिथल्या पोरीसोरी मला काकू काकू करायच्या. शिकवणारा म्हणाला, काकू, तुम्ही सरळ रस्त्यावर झकास, फक्त चढ आला की देवाचं नाव घेता. लायसन मिळालं ते मी देव्हाऱ्यामागं ठेवलं. हे एकदा म्हणालेसुद्धा, रोज रोज जातीस, देवी बी कंटाळली असंल. मला आत हसू, बाहेर गप.

भाऊबीजेच्या सकाळी मी ह्यांना धुवट धोतर, नवा सदरा घातला. टोपी ठेवली. म्हटलं, चला मुरगूडला. कोण नेणार, म्हणाले. मी म्हटलं, मी. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मी म्हशीवर बसून पन्हाळ्याला निघालीया. लायसन हातात दिलं. ते उलटंसुलटं करून बघितलं आणि उशाला ठेवलं. येता का, म्हटलं. बघू.

म्हटलं बघत बसा, मी गाडी दारात लावते. तणतणत बाहेर आले. गाडी चालू झाली, ब्रेक खाली केला, पहिला गिअर टाकला, हळू क्लच सोडला. गाडी मागनं खाली बसली, कण्हली आणि बंद पडली. परत चालू केली. परत तसंच. तिसऱ्या वेळी मी रेस वाढवली, तर जळका वास सुटला, पण चाक काही हलंना. पृथ्वीराज म्हशीचं दूध तसंच ठेवून बघायला आला. समोरची दोन माणसं आली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आज सण, एक मेकॅनिक मिळायचा न्हाय. आता ह्यांना बाहेर कसं काढू आणि आक्कांना काय सांगू, एवढंच मनात. डोळ्यांतनं पाणी आलं, ते पुसायचं बी सुचलं न्हाय. आणि पाय तसाच रेसवर.

"पाय काढ. आधी पाय काढ तो. क्लच जाळतीस काय माझा?"

मी मान वळवली. हे शेडाच्या खांबाला उजवा हात लावून उभे. काठी आतच. दाराच्या पायऱ्या उतरून आले होते आणि कुणी धरलं नव्हतं. पृथ्वीराज पुढं व्हायला लागला, त्याला मी डोळ्यानं थांबवलं.

मग जो तोंडाचा पट्टा सुटला म्हणता. रेस कशाला दिलीस, वास आला तरी कळलं न्हाय का, कुणी शिकवलं तुला. शब्द जरा जडच यायचे, पण येत होते. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बोला, आणखी बोला. शेवटी त्यांनी विचारलं, गाडी धुतली कधी. म्हटलं, लक्ष्मीपूजनाला, अमावस्येला. आणि धुऊन लगेच ब्रेक ओढलास? म्हटलं, मग? तुम्हीच खिडकीतनं विचारत होता की.

 मग ह्यांनी हळू आवाजात सांगितलं. हँडब्रेक ओढला की मागच्या चाकाच्या ड्रममध्ये, त्या लोखंडी डब्यात, लायनर म्हणजे ब्रेकचे पट्टे आतनं दाबून बसतात. ओले असताना दाबून ठेवले आणि गाडी तशीच उभी राहिली की गंज धरून चिकटतात. म्हणून धुतल्यावर चक्कर मारायची, ब्रेक दाबत दाबत, म्हणजे आतलं पाणी सुकतं. आणि लई दिवस उभी ठेवायची असंल तर ब्रेक खालीच सोडायचा, गिअर टाकायचा, चाकांना दगड लावायचे.

मी म्हटलं, एवढं ठाऊक होतं तर मला ब्रेक वर हाय का म्हणून कशाला विचारत होता?

ह्यांनी डाव्या हाताकडं बघितलं. "मला वाटायचं, उद्या मीच काढणार हाय गाडी, एका रात्रीत काय चिकटतंय. दर वेळी वाटायचं."

पृथ्वीराजनं तोंड फिरवलं. मला तर ह्यांना बिलगून रडावं वाटलं, पण चारचौघांत कसं रडायचं. मी म्हटलं, आता काय करायचं ते सांगा, आक्का वाट बघत असतील.

पुढच्या चाकांना दगड लावले, गिअर काढला. हे बसक्या स्टुलावर मागच्या चाकाजवळ बसले. लाकडाचा ठोकळा ड्रमवर धरून त्यावर हातोडी मारायची, लोखंडावर थेट न्हाय. पृथ्वीराज ठोकळा धरायला वाकला तर हे म्हणाले, तिला धरू दे. मी धरला. हातोडी ह्यांच्या उजव्या हातात, ठोकळ्यावर माझी बोटं. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी डोळे बी मिटले न्हाईत. ठोक, ठोक, जरा सरकव, ठोक. ह्यांच्या कपाळावरनं घाम गळत होता. एक चाक झालं, दुसऱ्या चाकाशी बसलो. मध्येच आतनं कडक् आवाज आला आणि गाडी बोटभर हलून पुढच्या दगडाला टेकली.

"सुटली," हे म्हणाले. चेहऱ्यावर लहान पोरागत हसू.

हात धुऊन हे उठले आणि सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले. हँडलला हात लावला आणि तसेच थांबले.  आता परत घरात जातात की काय. थोडा वेळ ते आतल्या सीटकडं बघत राहिले. मग बॉनेटचा आधार घेत घेत पुढनं वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि दार उघडून बसले. म्हणाले, गल्लीत आधी एक चक्कर मार, ब्रेक दाबून बघू, मगच हायवे. मारली. ब्रेक चांगले लागले.

कागलपर्यंत गाडी झकास गेली. हायवे सोडून मुरगूडच्या रस्त्याला लागलो आणि एका चढावर पुढं उसाचा ट्रॅक्टर थांबला. मी थांबले. ट्रॅक्टर निघाला, मी क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि मागं सरकायला लागली. मागं एस.टी. कुठला ब्रेक, कुठला क्लच, काही कळंना. तेवढ्यात हँडब्रेक वर गेला, गाडी जागेवर थांबली. ह्यांच्या उजव्या हाताला तो अगदी बेतात येत होता. हे शांतपणे म्हणाले, चालू कर. क्लच अर्धा सोड. गाडी थरथरली की मला सांग. मी म्हटलं, थरथरली. ह्यांनी ब्रेक खाली सोडला आणि गाडी चढ चढून गेली. मागच्या एस.टी.नं हॉर्नसुद्धा वाजवला न्हाय.

आक्का पुढच्या सोप्यात कॉटवर पडून होत्या. ह्यांना दारात बघितलं आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. सुनेनं उशी लावून बसवलं, पाटाऐवजी खुर्ची मांडली. आक्कांनी कुंकू लावलं, ओवाळलं. मग ताम्हण बाजूला ठेवून ह्यांचा डावा हात उचलला, गालाला लावला आणि तसाच धरून बसल्या. मी ज्याला भीत होते तो क्षण आला होता. पण ह्यांनी हात काढून घेतला न्हाय. दोघं बहीणभाऊ रडले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

निघताना आक्का म्हणाल्या, आता परत कधी येतोस, हंबीर?

मला वाटलं, आता बघू म्हणतात. मी मनातल्या मनात कान झाकले.

"रविवारी येतो," हे म्हणाले. आणि माझ्याकडं वळले. आख्ख्या संसारात ह्या माणसानं कुठं जायचं ते मला सांगितलं होतं, विचारलं कधी नव्हतं.

"आणशील न्हवं मला?"

मी म्हटलं, "आणीन की."