दोन सोमवार

"हात वर करून शब्द देऊन आलोय मी," सायकल भिंतीला लावता लावता गेनबा म्हणाला. "कंपनीच्या गेटावर, समद्या शिफ्टसंगं. सोमवारी रातचं जेवान बंद. आपल्या घरात चूल पेटायची न्हाई."

"म्याबी केलाय हात वर," कुशी म्हणाली. "शाळंत."

सारजाबाई जात्यापाशी बसली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "बरं."

ते साल पासष्ट. लढाई नुकतीच थांबली होती, धान्याची ओढ होती, आणि पंतप्रधान शास्त्रीजींनी लोकांना सांगितलं होतं, आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा, सोमवारचं संध्याकाळचं. पुनावळ्यात तेव्हा रेडिओ एकच, चावडीवरचा. पण गेनबा पिंपरीच्या कंपनीत हेल्पर होता, रोज सायकलवरून जायचा आणि येताना जगाच्या बातम्या आणायचा. ही बातमी तर त्यानं अशी सांगितली, जणू शास्त्रीजींनी त्याचं नाव घेऊन सांगावा धाडलाय.

आठ वर्षांची कुशी पहिल्या सोमवारी भुकेनं रडली नाही, त्याचंच तिला अप्रूप वाटलं. मंगळवारी शाळेत ज्योतीराम गुरुजी विचारायचे, "काल रात्री कोण जेवलं नाही? उभे राहा." सगळा वर्ग ताठ उभा राहायचा. शेजारचा सयाजी कुशीच्या कानाशी पुटपुटला, "म्या चार वाजताच तीन भाकरी हानल्या. नियम रातचा हाय, गडे."

असे चार-पाच सोमवार गेले. एका सोमवारी कुशी शाळेतून आली, तर आई पाण्याचा हंडा खाली ठेवून उंबऱ्यावर बसलेली. डोळे मिटलेले.

"आये, जेवलीस का न्हाई?"

"आज सोमवार न्हवं का."

तेव्हा कुठं कुशीच्या डोक्यात उजेड पडला. आईचा सोमवार जुना होता. कुशी दोन वर्षांची असताना गोवरानं हातची जायची वेळ आली होती. तेव्हा सारजाबाईनं महादेवाला बोलून ठेवलं होतं, पोर वाचू दे, जन्मभर सोमवार धरीन. दिवसभर कोऱ्या चहावर राहायचं आणि दिवेलागणीनंतर भाकरी खाऊन उपास सोडायचा. आता दिवेलागणीलाच चूल बंद. म्हणजे रविवारी रात्री जेवलेली बाई एकदम मंगळवारी सकाळी जेवत होती. मधे दळण, पाणी, शेणघाण, खुरपणी, काही सुटत नव्हतं. आणि गेनबाला ह्याचा पत्ताच नव्हता.

"मंग तूबी सयाजीवानी चार वाजता खा की."

"दिवा लागायच्या आदी सोमवार सुटत नसतो."

"मंग रातीला खा. आबांना म्या न्हाई सांगनार."

"गप. देवाचा सोमवार देवाला, देशाचा देशाला." सारजाबाई हंडा उचलून उठली. "आन् त्या शास्त्रीजीनं मागितलं काय गं आपल्याला? येक भाकर. येवढा मोठा मानूस, तोंड उघडून येक भाकर मागतो. त्याला न्हाई कसं म्हनायचं?"

"आबांना सांगू?"

"सांगशील तर बघ."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कुशी गुरुजींच्या टेबलापाशी रेंगाळली. "गुरुजी, शास्त्रीजी शूर हाईत म्हनता. पन फोटोत तर ते आमच्या आबांच्या खांद्याला लागतील येवढेच दिसत्यात."

गुरुजी हसले. "अख्ख्या देशाला उपाशी राहा म्हणायला छाती लागते, पोरी. लोक शिव्या देतील, खुर्ची जाईल. त्यांनी आधी स्वतःच्या घरात जेवण बंद केलं आणि मग आपल्याला सांगितलं. म्हणून लोकांनी ऐकलं."

कुशी विचारात पडली. मग तिनं गुरुजींकडून एक पोस्टकार्ड मागून घेतलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: 'शास्त्रीजींना नमस्कार. आमच्या घरी सर्व ठीक आहे. सोमवारच्या ऐवजी मंगळवार करावा. माझी आई सोमवार करते. तुमच्या घरी सोमवार कोण करतं?'

गुरुजींनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं आणि पत्ता स्वतःच्या हातानं घातला. तेव्हापासून पोस्टमनची सायकल दिसली की कुशी वेशीपर्यंत धावायची.

पौषातली ती मंगळवारची सकाळ. थंडीनं बोटं वळत नव्हती. सारजाबाईनं चूल पेटवली होती. एक भाकरी झाली होती, दुसरी तव्यावर होती. तिसरी शिफ्ट करून गेनबा आला तो सायकल हातानं ढकलत. चाकात तर हवा होती.

"शास्त्रीजी गेले," तो म्हणाला. "राती. तिकडं परमुलखात. गेटावर कळलं."

कुशीच्या मनात आलं, आता कार्ड कोण वाचणार?

सारजाबाईनं तवा उतरवला. चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली आणि त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. झालेली भाकरी तिनं गाईपुढं टाकली.

"आगं, काय करतीस?"

"घरातलं मानूस गेल्यावर चूल पेटती ठिवत्यात व्हय?"

कुशीला राहवलं नाही. "आबा, आये परवा रातीपासनं जेवली न्हाई! दर सोमवारी न्हाई जेवत. दिवसाबी न्हाई आन् रातीबी न्हाई."

गेनबा मग भिंतीला टेकून खाली बसला. "मला बोलली का न्हाईस गं?"

"त्यात काय बोलायचं, आवं."

मयताच्या घरी शेजारपाजारची भाकरी येते, हे कुशीला ठाऊक होतं. ती कोण आणतंय ते बघायला निघाली. चावडीवरच्या रेडिओची बातमी घरोघरी पोचली होती; पहिल्या घरी चूल विझलेली. दुसऱ्या घरी बाया दारात बसलेल्या. पुनावळ्यातली सगळी घरं तेव्हा कौलारू. सकाळी कौलांतून धूर निघायचा. त्या दिवशी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती कौलं दिसत होती.

शेवटचं घर कौशल्याबाईचं. बांधावरून तीन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. ती ओट्यावर बसली होती.

"काय गं, सारजीची ना तू?"

"आमच्यात भाकर आनून देयाला कुनीच येईना."

"कोन येनार, बाय? समद्यांच्याच घरातलं गेलंय."

"आये कालपासनं उपाशी हाय. सोमवार सुटला न्हाई तिचा."

कौशल्याबाई उठली. मग आत गेली, पदरात शेंगा आणि गुळाचा खडा घेऊन आली आणि कुशीच्या पुढं चालू लागली.

सारजाबाई ओट्यावर होती. कौशल्याबाई समोर येऊन उभी राहिली. "चुलीवरचं न्हाई हे. सोमवार सोड."

सारजाबाई थोडी सरकली. त्या जागेवर कौशल्याबाई बसली आणि शेंगा दोघींच्या मधे ओतल्या.

सारजाबाईनं एक शेंग फोडली, दाणा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. कितीतरी वेळ ती तो एकच दाणा चावत राहिली.