न चुकणारी मोजणी

तोकिएबाईंचा अबॅकसचा, म्हणजे मण्यांवर हिशेब शिकवायचा, क्लास ऑक्टोबरपासून बंद होता. एकतीस वर्षं चाललेला क्लास. गावातल्या निम्म्या दुकानदारांची बोटं बाईंनीच वळवलेली. दारावर 'काही दिवस सुट्टी' अशी पाटी लावली आणि ते काही दिवस संपेचनात.

झालं काय, म्हणाल तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. सकाळी अंथरुणातून उठून पाय जमिनीला टेकवायचे, एवढंच काम डोंगराएवढं झालं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी त्याला नैराश्य म्हटलं आणि गोळ्या दिल्या. झोप लागू लागली, पण जागेपणीचं ओझं उतरेना. अकरा मुलं क्लासची वाट पाहत थांबली होती. एप्रिलपासून क्लास सुरू होणार की कायमचा बंद, हे मार्चअखेर पालकांना कळवायचं होतं.

फेब्रुवारीत एका रविवारी पहाटे शेजारच्या कीनूताई दारात उभ्या राहिल्या. लोणची विकायचा धंदा, आणि जीभही तशीच मुरलेली.

"ऊठ, तोकिए. किती दिवस अशी बरणीत बसणारेस? देवळात चल. नुसतं बसायचंच आहे. ते तर तुला घरीही जमतंय."

बर्फ तुडवत दोघी टेकडीवरच्या देवळात गेल्या. सहा-सात माणसं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसली होती. वृद्ध भिक्षू गेन्शू यांनी बाईंना उशी दिली आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. पाठ ताठ. डोळे अर्धे मिटलेले. श्वास बाहेर जाताना एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत मोजायचं. मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून.

बसणं संपल्यावर भाताची पेज आणि खारवलेला मुळा असे. तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, "गुरुजी, आता गोळ्या सोडल्या तर चालेल? कीनू म्हणते, नैसर्गिक उपाय बरा."

"ते डॉक्टरांना विचारा," गेन्शू म्हणाले. "माझा गुडघा दुखतो तेव्हा मी मलम लावतो. ध्यानाने गुडघा बरा झालेला मी तरी पाहिला नाही."

चार रविवार झाले. बाई घरीही रोज सकाळी बसू लागल्या. सांगितलेलं काम नेमाने करायची त्यांची जन्माची सवय. पण ओझं होतं तिथेच होतं. उलट मनात एक नवी भर पडली: आपल्याला हेही लागू पडत नाही.

पाचव्या रविवारी पेज पिताना गेन्शूंनी सहज विचारलं, "आज कुणाची मोजणी किती वेळा चुकली?"

"माझी गाडी तिनाच्या पुढे जातच नाही," मासळीवाले इवासे म्हणाले. "चार आला की बाजारभाव आठवतो."

सगळे हसले. कीनूताई म्हणाल्या, "मी एकदा सतराला पोचले. थांबायचंच विसरले!"

"आणि बाई, तुमची?" गेन्शूंनी विचारलं.

"एकदाही नाही," तोकिएबाई म्हणाल्या. "पाचही रविवारी नाही."

"हिचं काय विचारता! आकड्यांतच वाढलेली ती," कीनूताई कौतुकाने म्हणाल्या.

गेन्शूंनी वाटी खाली ठेवली. "तीस वर्षं बसतोय मी. माझी रोज चुकते. बाई, आज सातवर होतात, तेव्हा मनात काय चाललं होतं?"

बाईंनी वर्गात उत्तर द्यावं तसं सरळ सांगून टाकलं. "पालकांना पत्र लिहीत होते. क्लास कायमचा बंद. मी नसले तर कुणाचं काही अडत नाही, हे त्यात कसं लिहावं, ते ठरवत होते."

"आणि मोजत कोण होतं?"

बाईंनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनी अजूनही अदृश्य मणी सरकवत होती.

"हात," त्या म्हणाल्या. "मुलांशी बोलता बोलता बेरीज करायची सवय आहे त्याला."

"मग हाताचं ध्यान उत्तम चाललंय," गेन्शू म्हणाले. "तुम्ही मात्र अजून बसलेल्याच नाहीत. उद्यापासून मोजू नका. नुसता श्वास. भरकटलात की परत या. आणि 'मी नसले तर कुणाचं अडत नाही' हा विचार डॉक्टरांनाही सांगा. मनात एकटीने ठेवायचा नाही तो."

बाईंनी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळी बदलली आणि दर आठवड्याला यायला सांगितलं.

मोजणी सुटल्यावर पहिले काही दिवस फार वाईट गेले. धरायला काही उरलंच नव्हतं. दहा मिनिटांत पन्नास वेळा मन त्या पत्राकडे धावे. पन्नास वेळा परत आणावं लागे. एका सकाळी 'कुणाचं अडत नाही' हे वाक्य आलं आणि बाईंना जाणवलं की ते कालच्याच शब्दांत, कालच्याच जागी आलंय. पाठ केलेल्या पाढ्यासारखं. ते खरं की खोटं, हे त्यांना ठरवता आलं नाही. पण ते वाक्य येताना दिसलं, आणि दिसल्यावर थोडं पुढे निघून गेलं. मग पुन्हा आलं. पण त्या दिवशी पाय टेकवायला नेहमीपेक्षा कमी वेळ लागला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाईंनी पत्र लिहिलं आणि कीनूताईंना दाखवलं. 'क्लास फक्त बुधवारी, एक तास. माझी तब्येत बरी नसेल त्या दिवशी दारावर चिठ्ठी असेल.'

"हे चिठ्ठीचं कशाला?" कीनूताई कुरकुरल्या. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईंची तब्येत बरी नाही. खरंच आहे ते."

पहिल्या बुधवारी तीन मुलं आली. दुसऱ्या बुधवारी दारावर चिठ्ठी होती. तिसऱ्या बुधवारी पाच आली.