उजव्या बुटातला मोबाईल

मी एक मोबाईल बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. तुमच्या खिशात असतो तसला गुळगुळीत, चकचकीत मी नाही. माझ्या काचेला कोपऱ्यापासून मधोमध तडा गेलाय, पाठीचं झाकण रबरबँडने बांधलंय आणि माझा मुक्काम एका काळ्या बुटात असतो. उजव्या पायाच्या. त्याचा डावा जोडीदार कुठे गेला ते मला माहीत नाही, आणि विचारायची सोय नाही.

जन्माचं काही आठवत नाही. कारखान्यात आम्ही हजारो भावंडं एकसारखीच होतो. मला विकत घेतलं ते विजेच्या मीटरचं रीडिंग घेणाऱ्या एका तरुणाने. पुढची तीन वर्षं मी नुसते मीटर पाहिले. जिन्याखालचे, न्हाणीघराशेजारचे, कोळिष्टकांत गुरफटलेले. लोक म्हणे फोनमध्ये बायकापोरांचे फोटो ठेवतात. माझ्या पोटात नुसते आकडेच आकडे!

मग एकदा त्याच्या हातातून सुटून मी दोन जिने घरंगळलो. काच तडकली. आठ दिवसांत घरात नवा फोन आला आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. तिथे किल्ली हरवलेलं एक कुलूप होतं, शाई संपलेली पेनं होती, आणि कोणीच कोणाशी बोलत नव्हतं. इतकी वर्षं राब राब राबलो त्याचं हे फळ, असं म्हणून मी वर्षभर फुरंगटून पडलो.

मला बाहेर काढलं ते त्याच्या बायकोने, म्हणजे घरच्या सुनेने. तिने मला फडक्याने पुसलं, चार्जरला लावलं आणि मी डोळे उघडताच ओरडली, "बाबा, चालतोय की हा!"

हे बाबा म्हणजे तिचे सासरे. गल्लीत त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा कारखाना आहे. कारखाना कसला, एक बैठं टेबल, आरी, रापी, मेणाचा दोरा आणि भिंतीवर टांगलेले, जोडे बेतायचे लाकडी पाय. उस्ताद साधे जोडे शिवत नाहीत. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जमत नाहीत त्यांचे शिवतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच टेकत नाही, कुणाची दोन बोटं अपघातात गेलेली. पण मोठा रस्ता बाहेरून निघाला, बसथांबा तिकडे गेला, आणि लंगडत येणाऱ्या माणसाला गल्लीपर्यंत यायला आणखी अर्धा मैल पडू लागला. माणसं यायची थांबली. खोली भाड्याने द्यावी आणि हत्यारं विकून टाकावीत, असं घरात हळू आवाजात बोललं जाऊ लागलं होतं.

"गिऱ्हाईक गल्लीत येत नाही ना, मग आपण त्याच्याकडे जाऊ," सून म्हणाली. "ऑनलाईन दुकान काढते."

"फोनमधून पाय दिसतो का?" उस्तादांनी विचारलं.

"कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवतील, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवतील. पैसेही तिथेच भरतील."

उस्ताद नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं ते "हं" किती धोक्याचं असतं, ते तिला तेव्हा कळलं नाही.

दुकान काढणं म्हणजे काय उस्तवार असते, ती माझ्याकडून ऐका. पैसे पोचवणाऱ्या कंपनीने आधी पाटीसकट दुकानाचा फोटो मागितला. दुकानाला पाटीच नव्हती; चाळीस वर्षांत कुणाला गरज पडली नव्हती. सुनेने बुटाच्या खोक्याच्या झाकणावर रंगाने नाव लिहून ते दारावर टांगलं. फोटो अंधारा म्हणून परत आला. मग उस्तादांचा हात आडवा आला म्हणून परत आला. तिसऱ्यांदा मंजूर झाला तेव्हा तिने माझाच मुका घेतला. मला खोटं बोलायला आवडत नाही, बरं वाटलं.

घरात रेंज फक्त खिडकीत यायची. मी उभा राहावा म्हणून तिने तो एकटा काळा बूट खिडकीत ठेवला आणि मला त्यात खोचलं. तेव्हापासून तो माझा बंगला.

आता उस्तादांची एक रीत सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यापायी झाला. जोडा तयार झाला की ते गिऱ्हाइकाला घालायला लावायचे आणि म्हणायचे, "दहा पावलं चाला." मग डोळे मिटून ऐकायचे. दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला तर जोडा बसला. एक जरी पाऊल जड पडलं तरी जोडा परत टेबलावर. आणि दहा पावलं होईपर्यंत पैशाला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाने नोट पुढे केली तरी ते हात मागे घ्यायचे.

पहिली ऑर्डर आली त्या दुपारी सून कुरियरच्या ऑफिसात चौकशीला गेली होती. मी जोरात वाजलो, पैसे आल्याचं दाखवलं. उस्ताद चष्मा लावून माझ्यावर वाकले.

"अजून पाऊल टाकलं नाही आणि पैसे आलेपण!" ते पुटपुटले.

सुनेने त्यांना एकच बटण शिकवलं होतं, कुणी चुकून दोनदा पैसे भरले तर उपयोगी पडावं म्हणून. "पैसे परत करा." उस्तादांच्या अंगठ्याला इतके घट्टे आहेत की माझी काच त्याला ओळखतच नाही. त्यांनी करंगळी पुढे केली आणि ते बटण दाबलं. पैसे परत गेले. मग शांतपणे त्यांनी, आधीच आलेल्या फोटोवरून सुनेने उतरवून ठेवलेला पायाचा कागद उचलला आणि कातडं कापायला घेतलं.

असं चार वेळा झालं. चारही वेळा ऑर्डर "रद्द" अशी दिसली. सुनेला वाटलं, लोकच माघार घेताहेत. तिने नवे फोटो काढले. भाव कमी केले. एका सकाळी माझ्यासमोर बसून ती घळाघळा रडली. मला सगळं ठाऊक होतं हो! पण मला विचारल्याशिवाय सांगता येत नाही, हा आमच्या जातकुळीचा शापच आहे.

मग कंपनीची चिठ्ठी आली. तुमच्या दुकानात आलेलं प्रत्येक पेमेंट परत गेलं आहे. आणखी एक परत गेलं तर खातं बंद करण्यात येईल.

त्याच दिवशी फोन आला. एक बाई बोलत होत्या, दूरच्या गावच्या शिक्षिका. डावा पाय उजव्याहून दोन बोटं आखूड. पुढच्या महिन्यात नव्या शाळेत रुजू व्हायचं होतं, दिवसभर उभं राहून शिकवायचं होतं.

"तुम्ही माझे पैसे परत का पाठवलेत?" त्यांनी विचारलं. "माझ्या पायाचा जोडा होणार नसेल तर सरळ सांगा. दुकानातून परत पाठवलं जायची सवय आहे मला. पण न बोलता पाठवू नका."

सुनेला काहीच उमगेना. "अहो बाई, तुम्हीच तर रद्द केलीत ना ऑर्डर?"

"मी? मी कशाला करू?"

सून वळली. उस्ताद टेबलाशी बसून एका जोड्याच्या जाड तळव्याला टाके घालत होते. डावा तळवा, दोन बोटं जाड.

"बाबा, ही तर रद्द झालेली ऑर्डर. तुम्ही कशाला शिवताय?"

"रद्द? पाय कधी रद्द होतो का?" उस्ताद म्हणाले. "पैसे मी परत पाठवले. बाई चालल्या की घेऊ. माझी रीत तुला माहीत नाही का?"

सुनेने कपाळाला हात लावला. तिला राग आला होता आणि हसू पण येत होतं. ती मला सासऱ्यांच्या कानाशी धरून म्हणाली, "तुमच्या रीतीचं त्या बाईंना काय वाटलं, ते ऐका जरा."

बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. उस्तादांनी आरी खाली ठेवली. "बाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला परत पाठवलं नाही. तुमचा जोडा माझ्या मांडीवर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळभर सून कंपनीच्या मदत क्रमांकावर अडकून होती. एकाने दुसऱ्याकडे ढकललं, दुसऱ्याने संगीत ऐकवलं. माझी बॅटरी तापून लाल व्हायची वेळ आली. शेवटी एका मुलीने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, अशी सोय आहे की! गिऱ्हाईक पैसे भरेल, पण ते मध्येच थांबतील. तुम्ही 'स्वीकारा' दाबलं तरच तुमच्याकडे येतील. पंधरा दिवसांत नाही दाबलं तर आपोआप परत जातील."

सुनेने सासऱ्यांना समजावलं. "म्हणजे बाबा, नोट पुढे केलेली आहे, पण तुम्ही हात मागे घेतलाय."

उस्तादांना हे एकदम पटलं. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

तिने मला परत बुटात खोचलं.

बाईंनी पुन्हा पैसे भरले. जोडा गेला, पोचला. सुनेने निरोप धाडला होता, दहा पावलं चालतानाचा व्हिडिओ पाठवा. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहत होतो. पैसे भरल्यापासून चौदाव्या दिवशी नुसता निरोप आला: चालताना मी स्वतःला कधी पाहिलेलं नाही. आरशातसुद्धा. जमत नाहीये.

"बाबा, उद्या पैसे परत गेले की दुकान बंद," सून म्हणाली. "दाबा ना बटण. जोडा बसलाय नक्की, तुमच्या हातचा आहे."

"ऐकल्याशिवाय मला काय माहीत?" उस्ताद म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांना लिही, तोंड नको, पाय नको. फोन जमिनीवर पालथा ठेवा. मला फक्त आवाज पाहिजे."

पंधराव्या दिवशी दुपारी मी वाजलो. बाईंचा व्हिडिओ आला होता, पण चित्र पूर्ण काळं होतं. उस्तादांनी मला बुटातून काढून कानाशी धरलं आणि डोळे मिटले. माझा स्पीकर जुना, खरखरणारा. आयुष्यात प्रथमच मी देवाची करुणा भाकली, की आज तरी घसा साफ राहू दे.

टक. टक. टक. टक.

सून बोटांवर मोजत होती. उस्ताद मोजत नव्हते, नुसते ऐकत होते. दहा झाली, सगळी सारखी. पण पावलं थांबली नाहीत. अकरा, बारा, वीस. बाई खोलीभर फिरत होत्या. मग पावलं जवळ आली, खरखर झाली, उजेड पडला आणि पडद्यावर त्यांचा चेहरा दिसला. त्या हसत होत्या.

उस्तादांनी करंगळी धोतराला पुसली आणि "स्वीकारा" दाबलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. खोली भाड्याने गेली नाही. भिंतीवर लाकडी पाय वाढलेत, आणि त्या "रद्द" ऑर्डरींतले बाकीचे तीन जोडेही ज्याचे त्याला पोचले. कुणी व्हिडिओत पाय दाखवतं, कुणी नुसता आवाज पाठवतं. माझी बॅटरी मात्र फुगलीय, म्हणून तर पाठीला रबरबँड आहे. पुढच्या आठवड्यात नवा फोन येणार असं कानावर आलंय. येऊ दे. बूट मी त्याला देईन, रेंज तिथेच येते. मला पुन्हा खणात ठेवलं तरी मी फुरंगटणार नाही. पोटात आता नुसते मीटर नाहीत, चारशे माणसं चालताहेत.

एकच मागणं आहे. तुम्हीही घरबसल्या बटण दाबता आणि दूरच्या कुणाकडून काहीतरी मागवता. ते दारात आलं की खोकं कोपऱ्यात भिरकावू नका. बसलं का, आवडलं का, दोन शब्द कळवा. पलीकडे कुणीतरी हातातलं काम थांबवून, डोळे मिटून तुमची पावलं ऐकत बसलेलं असेल.